लाईट गेली की डेबियनवरचा जी४ अडकतो: घड्याळ, एफएससीके आणि अर्धा एए सेल

पॉवर मॅक जी४ या ॲपलच्या जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स आहे. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच खाली केला. सकाळी मशीन चालू केलं, तर डेस्कटॉप यायच्या ऐवजी काळ्या पडद्यावर मजकूर येऊन थांबला: सुपरब्लॉकमधली (डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदीतली) शेवटच्या माउंटची, म्हणजे डिस्क वापरायला जोडल्याची, वेळ भविष्यातली आहे, एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) हाताने चालवा, रूटचा पासवर्ड द्या. एफएससीके चालवलं, सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हटलं, मशीन सुरू झालं. चार दिवसांनी लाईट गेली, आणि पुन्हा तोच पडदा.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हा बिघाड जास्त दिसतो, कारण तेव्हा लाईट जास्त जाते. ज्या छापखान्यांत जुन्या लग्नपत्रिका आणि पुस्तकांच्या फाइली अजून मॅकच्या डिस्कवर आहेत, किंवा जुना स्कझी स्कॅनर जी४ वरच चालतो, तिथे हे मशीन टाकून देता येत नाही. मग डिस्क खराब झाली असं समजून डिस्क बदलली जाते, सिस्टिम नव्याने टाकली जाते, आणि पुढच्या पावसात तेच. डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते. मूळ बिघाड मदरबोर्डवरच्या छोट्या सेलचा आहे. तो दर वेळी परत येतो, कारण दुरुस्ती उलट्या क्रमाने होते: आधी एफएससीके आणि नंतर घड्याळ. क्रम सरळ करा आणि सेल बदला, एवढंच काम आहे. बाकीचा मजकूर वाटेतल्या खड्ड्यांबद्दल आहे.

एक सूचना आधीच: कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन अंक.

सिस्टिम नव्याने टाकणं हा उपाय का नाही

डेबियनचा पॉवरपीसी पोर्ट, म्हणजे जी४ मधल्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती, ऑगस्ट २००० मधल्या २.२ आवृत्तीपासून अधिकृत होता. एप्रिल २०१५ ची डेबियन ८, म्हणजे जेसी, ही त्याची शेवटची अधिकृत आवृत्ती. जून २०१७ मध्ये स्ट्रेच आली तेव्हा ३२-बिट पॉवरपीसी यादीतून वगळलं गेलं. जेसीला पुढे २०२० पर्यंत वाढीव आधार मिळाला खरा, पण तो इंटेल आणि आर्म मशीनांसाठी होता. पॉवरपीसीसाठी सुरक्षा-दुरुस्त्या २०१८ मध्येच थांबल्या. ॲपलने तर २००६ मध्येच इंटेलची वाट धरली होती, आणि ऑक्टोबर २००७ चा लेपर्ड ही पॉवरपीसीवर चालणारी त्यांची शेवटची सिस्टिम ठरली.

आज दोनच वाटा उरतात. जुना जेसी आहे तसा सांभाळायचा, नाहीतर स्वयंसेवकांनी जिवंत ठेवलेल्या ‘डेबियन पोर्ट्स’मधला सिड (डेबियनची सतत बदलत राहणारी आवृत्ती) वापरायचा. दोन्हीकडे नव्याने सिस्टिम टाकणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, तेही सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर. शिवाय नव्या सिस्टिमलाही तोच मेलेला सेल मिळणार. म्हणून चालू सिस्टिम मोडू नका.

नेमकं काय होतं

मशीन प्लगला जोडलेलं आणि प्लग चालू असेपर्यंत, संगणक बंद असला तरी, पॉवर सप्लायच्या स्टँडबाय लाइनवर घड्याळ चालतं. मेन बंद झाला की घड्याळ पूर्णपणे ३.६ व्होल्टच्या सेलवर येतं. सेल मेलेला असेल तर पीएमयू (वीज आणि घड्याळ सांभाळणारी चिप) मधला काउंटर शून्यावर जातो. म्हणून दिवसभर बंद-चालू केलं तरी काही होत नाही, आणि रात्रभर मेन बंद ठेवला की हमखास होतं. बिघाड ओळखायची ही सगळ्यात साधी खूण आहे.

शून्य म्हणजे कोणती तारीख हे इथे कळीचं आहे. मॅकचं घड्याळ १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजतं. लिनक्स १ जानेवारी १९७० पासून मोजतो. दोन्हींतलं अंतर २,०८,२८,४४,८०० सेकंद, आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घड्याळाच्या आकड्यातून तेवढे वजा करतो. आकडाच शून्याजवळ असेल तर उत्तर ऋण येतं. ऋण उत्तराचं काय करायचं हे जुन्या आणि नव्या कर्नलमध्ये वेगळं आहे, आणि म्हणूनच एकच बिघाड दोन तोंडांनी समोर येतो.

जेसीचा ३.१६ कर्नल ऋण वेळ दिसली की ती शून्यावर आणून ठेवतो. पडद्यावर १ जानेवारी १९७० दिसतं, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच. डिस्कच्या सुपरब्लॉकवर मात्र कालची, म्हणजे खरी तारीख लिहिलेली असते. एफएससीकेला वाटतं, ही डिस्क पन्नास-पंचावन्न वर्षं पुढच्या काळात माउंट झाली होती. चोवीस तासांपर्यंतचा फरक तो स्वतःच सावरून घेतो, त्यापुढे माणसाला विचारतो. तोच काळा पडदा.

पोर्ट्समधला नवा कर्नल वजाबाकी चिन्हाशिवाय वाचतो. ३२ बिटांत गुंडाळून उत्तर येतं ६ फेब्रुवारी २०४०, म्हणजे ज्या दिवशी मॅकचा काउंटर भरून पुन्हा शून्यावर येणार आहे तो दिवस. सोबत डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) ‘पीएमयू गेट टाइम’च्या नावाने इशारा आणि खाली लांबलचक कॉल ट्रेस दिसतो. तो बघून कर्नल कोसळला असं वाटतं, पण ते कोसळणं नाही. घड्याळ मागे गेलंय एवढंच कर्नल सांगतो आहे. २०४० ची तारीख मात्र १९७० पेक्षा जास्त त्रासाची. त्याबद्दल पुढे.

अडकलेलं मशीन आत्ता सुरू करायचं तर

रूटचा पासवर्ड देऊन शेलमध्ये या. लगेच एफएससीके चालवू नका. आधी ‘डेट’ कमांड देऊन तारीख बघा. १९७० किंवा २०४० दिसली तर निदान झालंच.

मोबाइलमधली वेळ बघून तारीख द्या: ‘डेट’ आणि त्यापुढे महिना, दिवस, तास, मिनिटं, वर्ष असे सलग बारा आकडे. १५ जुलै २०२५, सकाळी ९:४० साठी ०७१५०९४०२०२५. ‘डेट’ पुन्हा चालवून बघा, कारण महिना आणि दिवस यांची अदलाबदल हमखास होते. मग ‘एचडब्ल्यूक्लॉक --सिस्टोएचसी --यूटीसी’ चालवून तीच वेळ हार्डवेअर घड्याळात लिहा. ‘हार्डवेअर घड्याळापर्यंत पोहोचता येत नाही’ असं उत्तर आलं तर ‘मॉडप्रोब आरटीसी-जेनेरिक’ देऊन पुन्हा प्रयत्न करा. त्याने चाललं तर नंतर तेच नाव ‘/ईटीसी/मॉड्यूल्स’मध्ये एका ओळीत लिहून ठेवा.

आता एफएससीके. ‘माउंट’ देऊन रूट विभाजन कोणतं ते बघा, समजा एसडीए३. ते फक्त-वाचन स्थितीत असल्याची खात्री करून ‘एफएससीके -एफ -वाय /डेव्ह/एसडीए३’ चालवा, नंतर ‘रीबूट’. तारीख बरोबर असल्यामुळे १९७० च्या बाबतीत वेळेची तक्रार आता येणारच नाही (२०४० चं पुढे दिलं आहे). तरीही ब्लॉक किंवा आयनोडच्या (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींच्या) तक्रारी आल्या, तर त्या खऱ्या आहेत: लाईट अचानक गेल्याने झालेलं नुकसान. सगळं एकदम ‘हो’ म्हणत गेलं की यातलं खरं नुकसान कोणतं आणि घड्याळाचा भास कोणता हेच कळत नाही. क्रम बदलण्याचं मोठं कारण हे आहे. दुसरं कारण असं, की चुकीच्या तारखेवर एफएससीके चालवलं तर तो सुपरब्लॉकवर चुकीचीच वेळ लिहून मोकळा होतो.

सेल

हा सेल १४२५० मापाचा असतो: व्यास सुमारे १४ मिलिमीटर, लांबी २५. जाडी नेहमीच्या पेन्सिल सेलएवढी आणि उंची निम्मी, म्हणून ‘अर्धा एए’. ३.६ व्होल्ट, लिथियम थायोनिल क्लोराइड. जी३ आयमॅक, जी४ टॉवर आणि लॅम्पसारखा दिसणारा जी४ आयमॅक, सगळ्यांत हाच. मॅक मिनी जी४ मध्ये मात्र सीआर२०३२ बटण सेल आहे आणि जी५ टॉवरमध्येही बटण सेलच. पॉवरबुकमध्ये चार्ज होणारी वेगळी बॅकअप बॅटरी असते. ती या लेखात नाही.

संगणकाच्या दुकानात हा सेल मागितला तर बहुधा सीआर२०३२ पुढे येतो. कोल्हापुरात त्याची खरी जागा वेगळी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांत सीएनसी मशीन आणि पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या छोट्या नियंत्रकाची) मेमरी टिकवायला हाच सेल लागतो, त्यामुळे इंडस्ट्रियल ऑटोमेशनचं सामान विकणाऱ्यांकडे तो ठेवलेला असतो. मागताना ‘पीएलसीचा अर्धा एए, ३.६ व्होल्ट, साधा, टॅग नसलेला’ असं सांगा. पीएलसीसाठीच्या सेलना बऱ्याचदा वायर, कनेक्टर किंवा सोल्डर करायच्या पट्ट्या असतात, आणि त्या मॅकच्या होल्डरमध्ये बसत नाहीत. पट्टी कापून बसवता येते. पण सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न लावू नका, तापून फुटतो.

त्याच मापाचे चार्ज होणारे लिथियम सेलही मिळतात. त्यावर ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि पूर्ण चार्ज असताना ते ४.२ व्होल्टपर्यंत जातात. ते घालू नका. दोन पेन्सिल सेल जोडून तीन व्होल्ट देण्याचा जुगाडही नको.

सेल तपासताना एक फसवणूक होते. थायोनिल क्लोराइडचा सेल जवळजवळ मरेपर्यंत ३.६ व्होल्टच दाखवतो, त्यामुळे नुसता मल्टिमीटर लावून काही कळत नाही. सेलच्या दोन टोकांना १ किलोओहमचा रेझिस्टर लावून, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिअँपिअर ओढत असताना मोजा. दुकानात वर्षभर पडून राहिलेला नवा सेलही सुरुवातीला खाली घसरलेला दिसू शकतो, कारण आत लिथियमवर पातळ थर जमलेला असतो. एक-दोन मिनिटं रेझिस्टर तसाच ठेवा. नवा असेल तर व्होल्टेज परत वर येतं. मेलेला असेल तर घसरतच राहतं. घेताना वेष्टनावरची उत्पादनाची तारीख वाचा.

बदलताना मशीन बंद करून प्लग काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. टॉवरचा बाजूचा दरवाजा उघडला की सेल मदरबोर्डवर समोरच दिसतो. काढण्याआधी मोबाइलने फोटो घ्या. धन टोक कुठे ते होल्डरवर कोरलेलं असतं, पण काळ्या प्लॅस्टिकवर नीट दिसत नाही. जुना सेल काढा, होल्डरच्या पत्र्या बघा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्यांच्यावर हिरवट-पांढरी पूड धरते. पूड थोडी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. सेल गळला असेल तर मात्र हातमोजे घाला. थायोनिल क्लोराइडचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, म्हणून इथे खाण्याच्या सोड्याचं पाणी लावायचं, नंतर अल्कोहोलने पुसायचं. रिमोटमधल्या साध्या अल्कलाइन सेलच्या गळतीवर लोक व्हिनेगर लावतात, ते तिथे योग्य आहे. इथे आम्लावर आम्ल होईल.

नवा सेल बसवल्यावर बोर्डवरचं पीएमयू रीसेटचं छोटं बटण एकदाच दाबा आणि दहा सेकंद थांबा. एकदाच, यावर जोर आहे. ‘नीट दाबलं गेलं का’ म्हणून दुसऱ्यांदा दाबलं तर पीएमयू अडकू शकतो, आणि अडकलेला पीएमयू नवा सेल काही दिवसांत पिऊन टाकतो. ‘नवा सेल घातला, तोही आठवड्यात गेला’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय या दुसऱ्या दाबावर घ्या आणि दुसरा पत्र्यांवरच्या गंजावर.

दरवाजा बंद, प्लग चालू, आणि वर दिल्याप्रमाणे तारीख एकदा हाताने लिहायची. सेल बदलला म्हणून तारीख आपोआप बरोबर होत नाही. ही पायरी राहिल्यामुळे ‘सेल बदलूनही तेच’ असं वाटतं.

पीरॅम रीसेट करू नका

मॅक अडला की कमांड-ऑप्शन-पी-आर दाबून धरायचं आणि पीरॅम, म्हणजे मॅकने जपून ठेवलेल्या सेटिंग, पुसायच्या, ही सवय जुन्या मॅकवाल्यांच्या हातात भिनलेली आहे. या बिघाडात तिचा फायदा शून्य आणि तोटा नक्की. जी४ मध्ये ओपन फर्मवेअरच्या (सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या मॅकच्या अंगच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग फ्लॅशमध्ये असतात, त्या सेलवर अवलंबून नसतात. बेज रंगाच्या जुन्या जी३ मध्ये त्या सेलवर होत्या, सवय तिथूनच आलेली असणार. रीसेट केल्यावर घड्याळ तर दुरुस्त होत नाहीच, पण बूट कुठून करायचं ही नोंद पुसली जाते. मग याबूट (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) न येता थेट मॅक ओएस सुरू होतं किंवा प्रश्नचिन्हाचं फोल्डर लुकलुकतं, आणि ‘आता लिनक्सही उडालं’ असा दुसराच घोळ सुरू होतो.

उडालेलं काही नसतं. चालू करताच कमांड-ऑप्शन-ओ-एफ दाबून धरा. साधा यूएसबी कीबोर्ड असेल तर विंडोज की म्हणजे कमांड आणि ऑल्ट म्हणजे ऑप्शन. पांढऱ्या पडद्यावर ओपन फर्मवेअरचा प्रॉम्प्ट आला की ‘बूट एचडी:२,\\:टीबीएक्सआय’ टाइप करा. २ हा बूटस्ट्रॅप विभाजनाचा क्रमांक आहे, तुमच्याकडे ३ किंवा आणखी पुढचा असू शकतो. चुकीचा दिला तर काही बिघडत नाही, प्रॉम्प्ट परत येतो. लिनक्समध्ये पोहोचल्यावर ‘मॅक-एफडिस्क -एल’ देऊन ‘ॲपल बूटस्ट्रॅप’ प्रकारचं विभाजन कोणतं ते बघा, ‘/ईटीसी/याबूट.कॉन्फ’मधली ‘बूट=’ची ओळ त्याच विभाजनाकडे बोट दाखवते याची खात्री करा आणि ‘वायबिन -व्ही’ चालवा. याबूट पुन्हा लिहिला जातो आणि एनव्हीरॅममधली (फर्मवेअरच्या सेटिंग असतात त्या जागेतली) बूटची नोंदही परत येते.

डिस्कची मांडणी करताना बूटस्ट्रॅप विभाजन मॅक ओएसच्या विभाजनांच्या आधी ठेवलेलं असेल तर रीसेटनंतरही फर्मवेअरला आधी तेच सापडतं आणि हा सगळा खटाटोप वाचतो. आता असलेली मांडणी केवळ यासाठी हलवू नका.

पोर्ट्सवरच्या सिडची २०४० ची गुंतागुंत

१९७० असताना निदान मशीन अडकतं आणि चूक दिसते. २०४० असताना सुपरब्लॉकवरची तारीख मागची ठरते, एफएससीके काही बोलत नाही, मशीन निमूट सुरू होतं. जाताना मात्र डिस्कवर २०४० लिहून जातं. पुढे नेटवरून वेळ दुरुस्त झाली, किंवा तुम्ही नवा सेल घालून तारीख बरोबर केली, की त्यानंतरच्या बूटला ‘शेवटच्या माउंटची वेळ भविष्यातली’ हा पडदा येतो. दुरुस्ती केल्यावर बिघाड दिसतो, आणि दोष नव्या सेलला दिला जातो. इथे सेलचा दोष नाही. तारीख बरोबर आहे हे बघून एकदाच ‘एफएससीके -एफ -वाय’ चालवा, सुपरब्लॉक ताळ्यावर येतो.

शिवाय ज्या ३२-बिट प्रोग्रॅमांची वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते, ते २०४० मध्ये कसेही वागतात. अशा अवस्थेत काही अपडेट करायला जाऊ नका.

सिडमध्ये याबूटच्या जागी ग्रब आहे आणि त्याच्या फाइली एचएफएस (मॅकची फाइलपद्धत) विभाजनावर, ‘/बूट/ग्रब’ला माउंट होऊन असतात. लाईट गेल्यावर ते विभाजन नीट अनमाउंट झालेलं नसतं, त्यामुळे कर्नल ते फक्त-वाचन स्थितीत लावतो आणि पुढचं कर्नल अपडेट ग्रब लिहिताना अपयशी ठरतं. अनमाउंट करा, ‘एफएससीके.एचएफएस -एफ -वाय’ चालवा (हे ‘एचएफएसप्रॉग्ज’ पॅकेजमध्ये येतं), पुन्हा माउंट करा. पावसाळ्यात कोणतंही अपडेट करण्याआधी हे एकदा बघून घेण्याची सवय लावा.

सेल मिळेपर्यंतची सोय

‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ हे पॅकेज बंद होताना आणि दर तासाला वेळ एका फाइलीत लिहून ठेवतं आणि बूटच्या वेळी ती वाचतं. लाईट गेली तरी तारीख फार तर तासभर, अधिक मशीन बंद होतं तेवढा काळ, मागे राहते. जेसीवर हे चांगलं काम देतं. पण ते वेळ फक्त पुढे नेतं, मागे आणत नाही. घड्याळ २०४० वर गेलेलं असेल तर ते गप्प बसतं, आणि पुढच्या तासाला २०४० च फाइलीत लिहून ठेवतं. म्हणून सिडवर त्याचा भरवसा नको. असं झालंच असेल तर तारीख बरोबर करून ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक सेव्ह’ पुन्हा चालवा.

दुसरी सोय ‘/ईटीसी/ई२एफएससीके.कॉन्फ’मध्ये. चौकोनी कंसात ‘ऑप्शन्स’ असा मथळा आणि खाली ‘ब्रोकन_सिस्टिम_क्लॉक = ट्रू’ ही ओळ. एफएससीके मग वेळेच्या तक्रारी करत नाही. नंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा, कारण रूट विभाजन इनिटरॅमएफएस या बूटच्या सुरुवातीच्या छोट्या सिस्टिममधूनच तपासलं जातं. ‘एलएसइनिटरॅमएफएस’च्या यादीत ही फाइल दिसते का तेही बघा, नसेल तर ओळीचा रूटवर उपयोग नाही. ही सेटिंग सेल बदलल्यावर काढून टाकावी. खरं घड्याळ पुन्हा बिघडलं तर कळण्याचा मार्गच ती बंद करते.

नेटवरून वेळ घेणं हा पूर्ण उपाय का होत नाही? एक तर एफएससीके नेटवर्क सुरू होण्याच्या आधी चालतं. दुसरं, लाईट आल्यावर राउटर आणि मशीन एकदमच सुरू होतात आणि राउटरला नेट मिळेपर्यंत बूटचा तो क्षण निघून गेलेला असतो. ‘एनटीपीडी’ (नेटवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा, तो थांबून पुन्हा प्रयत्न करतो. पण ‘/ईटीसी/डीफॉल्ट/एनटीपी’मध्ये ‘-जी’ पर्याय असल्याची खात्री करा. त्याशिवाय १००० सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की तो काम सोडून बंद होतो.

लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं म्हणून काही जण ‘/प्रॉक/पीएमयू/ऑप्शन्स’मध्ये ‘सर्व्हर_मोड=१’ लिहितात. यूपीएस असेल तर ठीक. नसेल तर नको. परत येणारी लाईट दोन-तीनदा झटके देऊन स्थिरावते आणि प्रत्येक झटक्याला एक अर्धवट बूट होतं. डिस्कचं खरं नुकसान या झटक्यांत होतं.

जी४ वर मॅक ओएस ९ सुद्धा असेल तर वेगळा साडेपाच तासांचा घोळ दिसेल. ओएस ९ हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स ती जागतिक समजतो. ‘/ईटीसी/ॲडजटाइम’च्या तिसऱ्या ओळीत ‘यूटीसी’च्या जागी ‘लोकल’ लिहा. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर तो सेलचा दोष नव्हे, हे लक्षात ठेवलं की अर्धी धावपळ वाचते. फक्त ओएस टेन सोबत असेल तर ‘यूटीसी’च राहू द्या.

तारखेमुळे अडलेलं ॲप्ट

घड्याळ १९७० वर असताना ॲप्ट (पॅकेजं उतरवून बसवणारा डेबियनचा प्रोग्रॅम) चालवलं तर सही करणारी किल्लीच ‘भविष्यात तयार झाली’ असं सही तपासणारं जीपीजी सांगतं. ती तक्रार तारीख लावली की जाते. तारीख बरोबर असूनही येणाऱ्या तक्रारी पोर्ट बंद झाल्याच्या आहेत, त्या वेगळ्या.

जेसीचे साठे नेहमीच्या सर्व्हरवरून हलून ‘आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग’वर गेले आहेत. ‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये तो पत्ता घाला, साध्या एचटीटीपीने. ‘जेसी-अपडेट्स’ची ओळ काढून टाका, तो विभाग तिथे नाही. साठ्याची मुदत संपल्याची तक्रार ‘ॲक्वायर::चेक-व्हॅलिड-अंटिल "फॉल्स";’ या ओळीने थांबते. ती ‘/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी’मध्ये नव्या फाइलीत लिहा. किल्लीचीही मुदत संपलेली आहे. ‘डेब’ शब्दानंतर चौकोनी कंसात ‘ट्रस्टेड=येस’ लिहून ती बाजूला ठेवता येते, पण मग येणारं पॅकेज खरं की खोटं हे तपासायला कोणी उरत नाही. लागणारी पॅकेजं उतरवून घेतल्यावर ती ओळ पुन्हा बंद करून ठेवा, आणि हे मशीन दुकानाच्या आतल्या नेटवर्कपुरतंच ठेवा.

पोर्ट्सवर किल्ली ठराविक काळाने बदलते. वर्षभर अपडेट न केलेलं मशीन हमखास तिथे अडतं. दुसऱ्या संगणकावर ‘डेबियन-पोर्ट्स-आर्काइव्ह-कीरिंग’ची ताजी फाइल उतरवा, पेन ड्राइव्हने आणा, ‘डीपीकेजी -आय’ने बसवा. ती फाइल सगळ्या प्रोसेसरांसाठी एकच असते, त्यामुळे पॉवरपीसीची वेगळी शोधत बसू नका.

मागे राहिलेल्या चुकीच्या तारखा

घड्याळ चुकलेलं असताना साठवलेल्या फाइलींवर १९७० किंवा २०४० हीच तारीख राहते. ‘आर्सिंक -यू’ किंवा तारीख बघणारा कोणताही बॅकअप १९७० च्या फाइली जुन्या समजून वगळतो, म्हणजे त्या दिवसाचं काम बॅकअपमधून सुटू शकतं. ‘फाइंड /होम -एक्सडेव्ह -टाइप एफ ! -न्यूअरएमटी १९८०-०१-०१’ याने मागच्या तारखेच्या फाइली सापडतात, ‘-न्यूअरएमटी नाऊ’ने पुढच्या. यादी नजरेखालून घाला आणि ‘टच’ने आजची तारीख द्या. यादी न बघता सगळ्यांवर एकदम ‘टच’ चालवू नका, कारण जुन्या मॅक डिस्कवरून आणलेल्या काही फाइलींची तारीख मुळातच तशी असू शकते.

शेवटची चाचणी: सगळं झाल्यावर संध्याकाळी मशीन नीट बंद करा, प्लग भिंतीतून काढा, रात्रभर तसाच ठेवा. सकाळी नेटवर्कची केबल न लावता चालू करा आणि ‘डेट’ बघा. घड्याळ काही सेकंद इकडेतिकडे असेल तर सेल धरतो आहे. १९७० किंवा २०४० दिसलं तर होल्डरच्या पत्र्या पुन्हा घासा, धन टोक पुन्हा बघा आणि सेल रेझिस्टरवर पुन्हा मोजा.